क्लब मिटला तो हिवाळा

त्या वर्षी आमच्या घरात सगळ्यात जास्त आवाज वॉशिंग मशीनचा असायचा. आई हॉस्पिटलच्या लॅबमध्ये कामाला होती. लोकांच्या नाकातोंडातून घेतलेले नमुने दिवसभर तिच्या हाताखालून जायचे. घरी आली की ती मागच्या दाराने आत शिरायची, अंगावरचे कपडे थेट मशीनमध्ये टाकायची आणि आंघोळ झाल्याशिवाय आम्हाला जवळ येऊ द्यायची नाही. बाबांचं ऑफिस एरवी डब्लिनच्या ग्रँड कॅनाल डॉकला, पण आता ते आमच्या जेवणाच्या टेबलावर आलं होतं. मशीन जोरात फिरायला लागलं की टेबल थरथरायचं आणि बाबा मीटिंगमधल्या लोकांना ‘सॉरी, सॉरी’ करत लॅपटॉप उचलून जिन्याच्या पायरीवर जाऊन बसायचे. आई ओल्या केसांनी स्वयंपाकघरात यायची. मास्कमुळे नाकावर लाल वळ उठलेले असायचे. सारखे हात धुऊन धुऊन तिच्या बोटांना भेगा पडल्या होत्या, त्यामुळे मिरची कापणं, कणीक मळणं माझ्याकडे आलं होतं. पुण्याहून आजी पाठवायची ती पार्सलं बंद झाली होती. भाजणी संपली, मेतकूट संपलं, लसणीच्या चटणीची बरणी तळाला लागली, तेव्हा बाबांनी ती प्रेसमध्ये अगदी मागे सरकवून ठेवली. इथे भिंतीतल्या कपाटाला प्रेस म्हणतात आणि आम्हीही तसंच म्हणायला लागलो होतो. संपली असं कुणी म्हणायचं नाही, पण काढायचंही नाही कुणी.

त्याआधी याच मशीनमध्ये दर रविवारी क्लबच्या जर्सी धुतल्या जायच्या. गडद हिरव्या, छातीवर आडवा पांढरा पट्टा. आमच्या क्लबचा एक नियम होता: जी खेळेल तिने क्लबचं एक काम करायचं. ईफा कप्तान होती, तरी जाळ्या बांधायचं काम तिचंच. आमची गोलकीपर संत्री कापून आणायची. माझ्याकडे जर्सी. शनिवारी मॅच संपली की चिखलाने जड झालेली ती पिशवी खांद्यावर टाकून मी घरी यायची आणि बाबा म्हणायचे, “आलं का डब्लिनचं शेत घरात?” मी पुण्याहून इथे आले ती अकराव्या वर्षी. शाळेत मला कुणी वाईट वागवलं नाही, पण माझं बोलणं ऐकायला कुणी थांबतही नसे. मृण्मयी हे नाव तर कुणाच्या जिभेवर बसेना. एक दिवस पार्कमध्ये मी कुणाचा तरी चेंडू परत मारला, तर कुंपणाशी उभी असलेली एक म्हातारी ओरडली, “तो डावा पाय कुणाचा गं?” ती बर्नी. तिने मला ‘मो’ केलं, आणि इंग्रजी धड येत नसतानाही लांबून बघणाऱ्याला माझ्याबद्दल दोन शब्द बोलता येतील अशी एक जागा मला मिळाली. डावीकडची.

बर्नी तेव्हा सत्तरी ओलांडलेली. क्लब तिने काढलेला, तरी सगळ्या तिला नुसतंच ‘बर्नी’ म्हणायच्या. आईला ते फार खटकायचं. “आजीच्या वयाची बाई, तिला अगं बर्नी, ए बर्नी?” म्हणून आई तिला शेवटपर्यंत बर्नीबाई म्हणाली. बर्नीला ते तिचं आडनाव वाटायचं की काय कोण जाणे, पण आवडायचं.

लॉकडाऊन लागलं आणि सत्तरीपुढच्या लोकांनी घराबाहेर पडायचं नाही असा नियम आला. सरकारने त्याला नाव दिलं होतं ‘ककूनिंग’, म्हणजे कोशात राहणं. बर्नी म्हणायची, “कोशातून फुलपाखरू निघतं. मी काय निघणार?” क्लब बंद होता, मैदानाच्या फाटकाला साखळी होती, पण आमची सेक्रेटरी नोरा स्वस्थ बसणारी नव्हती. जर्सी नाहीत तर मोचं काम काय, असं म्हणून तिने बर्नीचे ‘मेसेजेस’ माझ्याकडे दिले. इथे वाणसामानाला मेसेजेस म्हणतात. दूध, ब्राऊन ब्रेड, चहा, बटाटे आणि पेपर. बर्नीचं घर आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे, परवानगी होती तेवढ्या अंतरात. आई मला दारात उभं करून बजावायची, “फाटकाच्या आत जायचं नाही. पिशवी भिंतीवर ठेवायची. बोलायचं तर रस्त्यावरून.” तिच्या आवाजात जी भीती असायची ती मला तेव्हा अति वाटायची. त्या काळात लॅबमध्ये तिच्या डोळ्यांसमोरून काय काय गेलं, ते तिने मला कितीतरी वर्षांनी, मी स्वतः आई झाल्यावर सांगितलं.

तर मी फाटकाबाहेर, बर्नी दाराच्या चौकटीत खुर्ची टाकून, आणि मध्ये तिची छोटीशी बाग. रस्त्यावर गाडी नाही, आकाशात विमान नाही. नुसते कावळे आणि समुद्रावरून भरकटत आलेले सीगल. त्या शांततेत बर्नीने मला क्लबचा इतिहास सांगितला. तिला ओरडून सांगावा लागायचा, त्यामुळे शेजारच्या दोन घरांनीही तो ऐकला असणार.

सतराव्या वर्षी ती बोटीने इंग्लंडला गेली. लँकेशायरमधल्या एका गावात बिस्किटांच्या कारखान्यात कामाला. त्या कारखान्यातल्या पोरींचा एक फुटबॉल क्लब होता. तिकडे तेव्हा बायकांना फुटबॉल संघटनेच्या मैदानांवर खेळायला बंदी होती. हा खेळ बायकांच्या शरीराला झेपणारा नाही, म्हणे. मग या पोरी कालव्याच्या कडेला, कुत्री फिरवायला आणतात त्या पटांगणात खेळायच्या. “खांब नव्हते. कोट काढून ठेवायचे, हा एक गोल, तो एक गोल. आणि मॅच संपली की स्वतःचा कोट ओळखायचा, चिखलातून.” कोच नाही, मालक नाही, अध्यक्ष म्हणून मिरवणारा कुणी नाही. जी खेळेल तिने एक काम करायचं, हा नियम तिथलाच. परत आल्यावर बर्नी इथे शर्टांच्या कारखान्यात लागली आणि शिवणयंत्रांवरच्या बायका गोळा करून तिने तसाच क्लब उभा केला. आधी नगरपालिकेने मैदान द्यायला टाळाटाळ केली. मग त्यांनी देऊ केलं ते उताराचं, पाणी साचणारं. “आम्ही म्हटलं, ग्रँड, झकास. उतारावरून खाली गोल मारायला सोपं.” पहिल्या हिरव्या जर्सी त्या बायकांनी कारखान्यातच, जेवणाच्या सुट्टीत शिवल्या होत्या. एका पुरुषानेही आमच्या समितीत कधी मत दिलं नाही, हे सांगताना ती खुर्चीत जरा सरळ बसायची.

मी ऐकून घरी यायची आणि बाबांना सांगायची. बाबा खिचडी ढवळत ऐकायचे. आईला सांगायला जावं तर ती टेबलावर डोकं टेकून झोपलेली असायची.

उन्हाळ्यात मैदान उघडलं. कपडे बदलायची खोली बंद, एकमेकींना टाळी द्यायची नाही, चेंडू पुसून घ्यायचा, तरीही आम्ही वेड्यासारख्या धावलो. मग पानं गळायला लागली आणि सगळं पुन्हा बंद झालं. यावेळचं बंद होणं वेगळं होतं. पहिल्या वेळी लोक दारात उभे राहून टाळ्या वाजवत होते, आता कुणी कुणाकडे बघत नव्हतं. चार वाजता अंधार पडायचा. गोलकीपरची हॉटेलातली नोकरी गेली आणि ती कॉर्कला बहिणीकडे निघून गेली. मधल्या फळीतल्या दोघींनी खेळणं सोडल्याचं कळवलं. नोराचा नवरा आजारी पडला, हॉस्पिटलमधून घरी आला, पण जिना चढताना मध्येच बसायला लागला. नोरा त्याचं करायची, दोन मुलांची शाळा लॅपटॉपवर घ्यायची आणि मग उरलेल्या वेळात क्लबचे ईमेल. नगरपालिकेकडून मैदानाचा परवाना पुन्हा मागायचा होता, मुलींच्या सुरक्षिततेचे नवे नियम आले होते, त्यासाठी प्रशिक्षण घेतलेली माणसं हवी होती. आमच्याकडे माणसंच नव्हती.

तेव्हा शेजारच्या मोठ्या क्लबचा प्रस्ताव आला. पुरुषांचा क्लब, स्वतःची इमारत, रात्रीच्या दिव्यांचं मैदान, पन्नासएक संघ असतील. त्यांनी म्हटलं, तुम्ही आमच्यात या. तुमचा महिला विभाग होईल. जर्सी आमची, पण संघ तुमचाच, शनिवारची वेळ तुमचीच. नोराने सगळ्यांना कळवलं की रविवारी दुपारी सभा आहे, कॉम्प्युटरवर, आणि सोळा पूर्ण झालेल्या क्लबच्या प्रत्येक सभासदाला मत आहे. मला सोळा होऊन थोडेच दिवस झाले होते. आयुष्यातलं पहिलं मत होतं ते.

मी भाषण लिहिलं. कोटांचे गोल, शर्टांचा कारखाना, उताराचं मैदान, सगळं त्यात होतं. बाबांना वाचून दाखवलं तर ते चष्मा काढून पुसत बसले. मला खात्री होती की बर्नी माझ्यानंतर बोलेल आणि मग प्रश्नच उरणार नाही.

सभेत त्या मोठ्या क्लबचे अध्यक्ष आधी बोलले. गोड बोलणारा माणूस. मागे भिंतीवर ट्रॉफ्या. “मुलींनो, तुमचं काहीही बदलणार नाही,” असं त्यांनी दोन-तीनदा सांगितलं आणि मग सभ्यपणे सभेतून बाहेर गेले. मग मी बोलले. लिहिलेलं शेवटपर्यंत वाचलं. ईफाने पडद्यावर अंगठा वर केला. नोराचा चेहरा खिडकीकडे वळलेला होता. मग बर्नी. तिच्या भाचीने तिला लॅपटॉप लावून दिला होता आणि तिचं कपाळ आणि पांढरे केस एवढंच दिसत होतं.

“मो छान बोलली,” ती म्हणाली. “तिने सांगितलं ते सगळं खरं आहे. मीच तिला सांगितलं.” तिचं कपाळ पडद्याच्या जवळ आलं. “पण मी बाजूने मत देणार आहे. आपण जावं त्यांच्यात.”

माझ्या कानात नुसतं गरम झालं. मीच बोलून गेले, “पण का, बर्नी?”

“हात नाहीत, मो. क्लब हातांनी चालतो. माझे थकले आणि बाकीचेही थकलेत.”

“आम्ही आहोत ना! मी करते. सगळं करते मी.”

“तू शाळेत आहेस, पोरी.”

मतदान झालं. विरोधात फक्त ईफा आणि मी. नोराने आभार मानले, आवाज न चढवता, न उतरवता, आणि एकेक चेहरा पडद्यावरून जायला लागला. बर्नीला बंद कसं करायचं ते कळेना, त्यामुळे शेवटी ती आणि मी दोघीच उरलो. तिचं कपाळ आणि माझा चेहरा. मी लॅपटॉप मिटला.

आई स्वयंपाकघरात उभ्या उभ्या वरणभात खात होती. मी काय झालं ते सांगितलं आणि म्हणाले, “बर्नीने दगा दिला.”

आईने ताट खाली ठेवलं. “दमलेल्या माणसांना असं म्हणू नये, बाळा,” एवढंच म्हणाली. मला राग आला की ती माझी बाजू घेत नाही. आज इतक्या वर्षांनी वाटतं, ती बहुतेक बर्नीबद्दल बोलत नव्हती.

नव्या वर्षात बर्नीला लस मिळाली, ती स्वतः दुकानात जायला लागली, आणि मेसेजेसचं काम संपलं. मी तिच्या गल्लीने जाणं सोडलं. हिरव्या जर्सी नोराच्या गॅरेजमध्ये गेल्या.

एप्रिलमध्ये पुण्याची आजी गेली. आधी नुसता ताप म्हणाले, मग बेड मिळत नाही म्हणाले, मग ऑक्सिजन मिळाला म्हणून आम्हाला जरा हायसं वाटलं, आणि सकाळी मामाचा फोन बाबांना आला. आई कामावर होती. बाबा म्हणाले, फोनवर नको, घरी येऊ दे. आम्ही दोघं मागच्या दाराशी वाट बघत उभे राहिलो. ती आली, बाबांचा चेहरा पाहिला आणि दारातच थांबली. “आई?” तिने विचारलं. बाबांनी मान हलवली. मी पुढे झाले तर तिने हात आडवा केला. “थांब. हात लावू नकोस, आंघोळ करू दे.” सवयीने तिने कपडे मशीनमध्ये टाकले, बटण दाबलं आणि वर गेली. आम्ही दोघं खाली नळाचं पाणी वाहण्याचा आवाज ऐकत बसलो. पाणी फार वेळ वाहत राहिलं. शेवटी ती खाली आली, ओल्या केसांनी, आणि मग तिने मला जवळ घेतलं. जाणं शक्य नव्हतं. मामालाही लांबूनच बघावं लागलं होतं. बघण्यासारखं काही नव्हतंच, बांधलेलं होतं सगळं.

मी ईफाला एक ओळ पाठवली होती. दुसऱ्या दिवशी दुपारी बाबांनी खिडकीचा पडदा सरकवला आणि म्हणाले, “मृण्मयी, इकडे ये जरा.” आमच्या घरासमोरच्या फुटपाथवर, एकमेकींपासून अंतर ठेवून, क्लबच्या बायका उभ्या होत्या. ईफा, तिची आई, मधल्या फळीतल्या त्या दोघी, नोरा, आणि नोराचा नवरा गाडीत बसलेला. त्या काळात इथे कुणी गेलं की लोक असेच रस्त्यावर उभे राहायचे, कारण घरात जाता येत नसे. पण ते आपल्या माणसांसाठी. सात समुद्रांपलीकडे गेलेल्या, कधी न पाहिलेल्या बाईसाठी त्या उभ्या होत्या. बारीक पाऊस होता, कुणी छत्री उघडली नव्हती.

बर्नी फाटकातून आत आली आणि तिने पायरीवर एक पातेलं ठेवलं. “सूप. मांस नाही यात. तुझ्या वडिलांना विचारून घेतलं.” आई बाहेर आली. घराबाहेरच्या बुटक्या भिंतीवर त्या दोघी बसल्या, एक या टोकाला, एक त्या.

“नाव काय होतं त्यांचं?” बर्नीने विचारलं.

“सुमन,” आई म्हणाली. आदल्या दिवसापासून तिने आजीचं नाव उच्चारलं नव्हतं.

“माझी आई गेली तेव्हा मी इंग्लंडमध्ये होते,” बर्नी म्हणाली. “बोट वादळामुळे सुटली नाही. पोचले तर माती टाकून झाली होती.” मग पुढे काही शहाणपणाचं बोलली नाही. थोड्या वेळाने आई आपल्या मोडक्या इंग्रजीत, जी एरवी लॅबमध्ये इतकी नीट चालायची, आजीबद्दल सांगायला लागली. ती पहाटे उठून रेडिओ कसा लावायची. भाजणी भाजताना कुणाला स्वयंपाकघरात येऊ का द्यायची नाही. बर्नी ऐकत होती. मी दारात उभी राहून आईचं हे बोलणं पहिल्यांदाच ऐकत होते, आणि तेही दुसऱ्या भाषेत.

निघताना बर्नी माझ्यापाशी थांबली. “रागावली आहेस अजून?”

“हो.”

“असू दे. बरोबर आहे तुझं.” तिने फुटपाथवरच्या नोराकडे पाहिलं. “ती मला रोज फोन करायची, मो. आणि रोज रडायची. तिला क्लब सोडता येत नव्हता, माझ्यामुळे. मी काढलेला ना. आता पुरे, हे तिला दुसऱ्या कुणी म्हणून चाललं नसतं.”

“पण ते लोक शब्द पाळतील असं वाटतं तुला?”

बर्नीने टोपी कानांवर ओढली. “नाही,” ती म्हणाली.

तसंच झालं. जूनमध्ये सामने सुरू झाले तेव्हा नव्या क्लबचा निरोप आला, अगदी सभ्य भाषेत, की पुरेशा खेळाडू नसल्याने या मोसमात महिलांचा संघ उतरवता येत नाही. पुढच्या मोसमात बघू. पुढच्या मोसमापर्यंत ईफा कॉलेजसाठी गॉलवेला गेली, बाकीच्या पांगल्या, आणि कुणी बघितलं नाही. त्या मैदानावर बायका पुन्हा खेळायला लागल्या त्याला मध्ये बरीच वर्षं गेली, आणि त्यातल्या कुणालाही आमचं नाव माहीत नव्हतं. बर्नी तोवर राहिली नव्हती.

पण मला सांगायचं आहे ते त्याच जूनमधल्या एका शनिवारचं. आईला खूप महिन्यांनी शनिवार-रविवार जोडून सुट्टी मिळाली होती. सकाळी चहा घेता घेता ती म्हणाली, “आज तुझी मॅच असेल ना? मी येते बघायला. एकदाही आले नाही मी.” बाबांनी माझ्याकडे पाहिलं. सभेनंतरचं तिला काही सांगितलंच नव्हतं, सांगण्यासारखे दिवसच आले नव्हते.

“संघ नाही आता, आई,” मी म्हणाले. “बंद झाला.”

तिने कप खाली ठेवला. मग म्हणाली, “मैदान आहे ना? ते तरी दाखव.”

आम्ही चालत गेलो. ऊन पडलं होतं, वारा होता. मैदानावर त्या मोठ्या क्लबच्या पुरुषांची मॅच चालली होती, आमच्याच वेळेला. कडेच्या दोरीशी आम्ही उभ्या राहिलो. आईला फुटबॉलमधलं काहीच कळत नव्हतं. कोण कुठल्या बाजूचा, हेही तिने दोनदा विचारलं.

“तू कुठे असायचीस?”

“त्या तिथे. डावीकडे, रेषेला धरून.”

“तो उंच आहे, बाही वर केलेला, त्याच्या जागी?”

“हो.”

आईने डोळ्यांवर हात धरला. चेंडू कुठेही असो, गोल कुठेही होवो, मॅच संपेपर्यंत ती त्या एकाच माणसाकडे बघत राहिली.